डाव्या तीरावरचं नाव

"एवढं एक नाव बदलून द्या मॅडम," चांगुणाताई म्हणाल्या. त्यांचं बोट पडद्यावरच्या अगदी खालच्या ओळीकडे होतं, पण काचेला टेकलेलं नव्हतं.

मी खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. काम अडलं की मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे.

"का? लिहिताना चुकलंय का काही?"

"न्हाई. बराबर हाय."

"मग?"

"मला घ्याया येत न्हाई ते."

त्या ओळीत लिहिलं होतं, रंगनाथ.डावा. रंगनाथ पवळे हे चांगुणाताईंच्या नवऱ्याचं नाव, हे मला तोवर माहीत झालं होतं. सगळ्या ऑफिसलाच माहीत होतं.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मी तेव्हा पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत होते आणि चिंचदरा धरणाचं काम हे मला एकटीला दिलेलं पहिलंच काम. धरणाखाली नदीच्या दोन्ही तीरांवर गावोगावी भोंगे बसवलेले आहेत. उन्हाळ्यात नदी आटली की लोक पात्रातल्या वाळूत कलिंगडं, खरबुजं लावतात आणि तिथेच खोपी घालून राहतात. आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी ठरलेल्या पाळीचं, पाणी सोडायच्या आधी भोंगे वाजले, की ही माणसं पोरंबाळं, शेळ्यामेंढ्या घेऊन काठावर येतात. मागे एकदा भोंगा न वाजताच पाणी गेलं होतं. एक बैलजोडी वाहून गेली, माणसं कशीबशी निघाली. तेव्हापासून धरणावर एक रीत पडली होती. भोंगे वाजवले की नियंत्रण कक्षातून वायरलेसवर एकेका राखणदाराला हाक मारायची. त्याने "वाजला" म्हणायचं. शेवटचा "वाजला" कानावर आल्याशिवाय धरणाचे दरवाजे उचलायचे नाहीत. हाक मारण्याचं काम चांगुणाताईंचं होतं.

माझं काम म्हणजे भोंगे वाजवणारी जुनी व्यवस्था काढून नवी बसवणं. तीन संगणक एकत्र जोडले होते, त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. त्यात प्रत्येक भोंग्याचा एक कंटेनर, म्हणजे तेवढ्या एका भोंग्याचं काम बघणारा प्रोग्राम, आपापल्या डब्यात बंद करून ठेवलेला. त्या खोलीत सगळे त्याला डबाच म्हणत आणि मीही म्हणू लागले. या डब्यांना नाव नेमून दिलं नाही, तर दर वेळी सुरू होताना त्यांना अक्षरं-आकड्यांचं काहीतरी कडबोळं चिकटतं. ते वायरलेसवर वाचणार कोण? म्हणून प्रत्येक डब्याला त्याचं होस्टनेम, म्हणजे हाकेचं नाव, द्यायचं, आणि त्यापुढे आडनावासारखं तीराप्रमाणे डोमेन, डावा किंवा उजवा.

पूर्वी नंबर होते. पण सहा नंबरचा भोंगा डाव्या तीरावरही होता आणि उजव्या तीरावरही, त्यामुळे हमखास घोळ व्हायचा. तेव्हा शाखा अभियंता पाटणकर साहेबांनी ठरवलं की भोंग्याला त्याच्या राखणदाराचं नाव द्यायचं. लोक तसंही भिकाजीचा भोंगा, इसाकभाईचा भोंगा असंच म्हणत. साहेब नुकतेच बदलून आलेले, गोल चेहऱ्याचे आणि भारी चेष्टेखोर. मला नावं सांगताना शेवटच्या नावापाशी ते थांबले आणि डोळे मिचकावून म्हणाले, "आता बाईंना नाव घ्यावंच लागेल. उखाण्यात घेतील, बघत राहा."

तर आता बाई माझ्यापुढे उभ्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावरचा पदर जराही ढळलेला नाही. धरणाच्या वसाहतीत एका खोलीत त्या एकट्या राहत. नवरा खाली मळेवाडीला, बाई नोकरीपायी इथे, एवढं मी गृहीत धरून चालले होते. कोणी काही वेगळं सांगितलंही नव्हतं.

"बघते," मी म्हणाले आणि साहेबांच्या खोलीकडे निघाले.

साहेब चहा बशीत ओतत होते. माझं ऐकून ते मनापासून हसले.

"अहो, लाजतात त्या! एवढं वय झालं, तरी लाजतात."

"साहेब, मला एक दुसरं नाव जोडून देता येतं. मूळ नाव तेच ठेवायचं, शिवाय एक टोपणनाव. त्यांना मळेवाडी म्हणू दे."

साहेबांचा चेहरा एकदम कामाचा झाला. "नको. एका भोंग्याची दोन नावं केली, की कधीतरी कोणीतरी एका नावाने शोधेल आणि दुसरं बोंबलत बसेल. घाईच्या वेळी एक भोंगा, एक नाव."

बरोबर होतं त्यांचं. आमच्याही कामात हेच शिकवतात. मी परत आले आणि ताईंना सांगितलं.

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

"ताई, आता कोण पाळतं हे सगळं? माझी आई बाबांना चारचौघांत नावाने हाक मारते."

"मारू द्या की. चांगलंच हाय." त्यांनी पदर सारखा केला. "नंबर हुते तवा बरं हुतं. सहा म्हणलं की झालं. नंबराला नवरा-बायकू काय नसतं."

मी हसले. खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला होता. दुसऱ्या दिवशी आवर्तनाचं पाणी सुटायचं होतं, नव्या व्यवस्थेवरचं पहिलं पाणी. पुण्याहून आमच्या साहेबांचे सारखे फोन येत होते. वाळूत माणसं होती. आणि इथे एका नावावरून अडून बसायचं म्हणजे काय? त्या दिवशी मी मळेवाडीचा रस्ता धरून उगाचच चालून आले. पुलावरून खाली बघितलं तर पात्रात हिरवे पट्टे होते, खोपी होत्या, एका खोपीपुढे दोन पोरं एकमेकांवर वाळू उडवत होती. मी तिथेही फार वेळ थांबू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच उकाडा मी म्हणत होता. खोलीतला पंखा नुसता आवाज करत होता. मी दर थोड्या वेळाने पडद्याकडे बघत होते, पाणी पीत होते, परत बघत होते. सगळ्या ओळी हिरव्या होत्या. हिरवं म्हणजे डबा जिवंत आहे.

आणि माझ्या डोळ्यांदेखत खालची ओळ लाल झाली.

तीनपैकी एक संगणक उकाड्याने तापून अडकला होता आणि त्यावर तेवढा एकच डबा होता. पण मी काही करायच्या आत ओळ पुन्हा हिरवी झाली. क्लस्टरमध्ये एक मुकादम प्रोग्राम असतो. एखादा डबा पडला की तो दुसऱ्या संगणकावर नवा डबा उभा करतो. कोणाला सांगावं लागत नाही. मी टाळीच वाजवली.

"बघितलंत ताई? ह्याच्यासाठी एवढी खटपट! जुना डबा गेला, त्याच्या जागी नवा आला. आणि नाव बघा, तेच."

ताई जवळ आल्या. "डबा दुसरा हाय?"

"अगदी दुसरा. जागासुद्धा दुसरी. पण नाव तेच दिलंय, त्यामुळे कोणाला काही फरक पडत नाही. हाक मारली की नवा उत्तर देतो."

"आन पयला?"

"तो गेला. टाकून दिला."

"कुठं?"

"कुठंच नाही. त्याचं काही शिल्लकच राहत नाही."

"नव्याला म्हाईत असतं का, आपल्या आदी हितं कोण हुतं ते?"

"छे! त्याला काय करायचंय?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्याला काय करायचंय." मग त्या आपल्या टेबलाकडे गेल्या आणि वायरलेसचा संच फडक्याने पुसायला लागल्या. संच स्वच्छच होता.

ठरल्या वेळी पाटणकर साहेब धरणावरच्या गेटघरात जाऊन बसले. तिथल्या यंत्रावरून भोंगे वाजवायचे आणि मग दरवाजे उचलायचे. आमच्यासारखाच एक पडदा तिथेही होता. वायरलेसवर त्यांचा आवाज आला, "भोंगे वाजवलेत. बाई, घ्या हजेरी."

ताईंनी संच तोंडाजवळ धरला. ही लाइन उघडी असते. धरणापासून शेवटच्या गावापर्यंत ज्याच्या ज्याच्या हाती संच, त्या सगळ्यांना सगळं ऐकू जातं. त्या दिवशी तर सगळेच कान देऊन बसले असणार, कारण साहेबांनी चेष्टा गावोगाव पोचवली होती.

"उजवा तीर, भिकाजी."

"वाजला."

"उजवा तीर, इसाकभाई."

"वाजला, ताई."

"उजवा तीर, तुळशीराम."

"वाजला."

मी त्यांच्या मागे येरझाऱ्या घालत होते. प्रत्येक "वाजला"बरोबर माझा जीव थोडा थोडा खाली येत होता. डावा तीर सुरू झाला. दगडूने उत्तर दिलं. ज्ञानोबाने दिलं. मग ताई थांबल्या.

लाइनवर कोणीतरी खाकरलं. आणखी कोणीतरी खुसखुसलं.

"हां बाई," साहेब म्हणाले, "शेवटचं नाव."

ताई पडद्याकडे बघत होत्या. "हिरवं हाय, साहेब."

"हिरवं आहे ते मलाही दिसतंय. नाव?"

"उखाणा हुं द्या!" हा आवाज बहुतेक दगडूचा होता.

ताईंच्या मानेवर घामाचा ओघळ उतरला. मला त्यांची कीवही आली आणि चीडही. घ्या की हो एकदाचं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेब मनाने वाईट नव्हते. चेष्टा कुठे थांबवायची हे त्यांना कळत होतं.

"राहू द्या, राहू द्या," ते हसत म्हणाले. "कशाला बाईंना संकटात टाकायचं? हिरवं आहे ना? मग झालं तर. चला, उचला दरवाजे."

सगळीकडून हसू आलं, खेळीमेळीचं, मायेचंच म्हणा ना. कोणी म्हणालं, "सुटलात ताई!" मीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुण्याला कळवायला फोन हातात घेतला. ताईंनी संच टेबलावर ठेवला. पडद्यावर सगळं हिरवं होतं.

मग त्यांनी तो परत उचलला.

"थांबा, साहेब."

"काय झालं?"

"दरवाजे उचलू नका. उत्तर आलं न्हाई अजून." त्यांनी श्वास घेतला. तो लाइनवरसुद्धा ऐकू गेला असेल. "डावा तीर, रंगनाथ."

"शाब्बास!" कोणीतरी ओरडलं. टाळ्याही वाजल्या. मग सगळे गप्प झाले, कारण उत्तर आलं नव्हतं.

"रंगनाथ," त्या पुन्हा म्हणाल्या. "रंगनाथ पवळे, मळेवाडी. भोंगा वाजला का?"

नुसती खरखर.

"दरवाज्यांची मोटर बंद कर! बंद कर आधी!" गेटघरात साहेब कोणावर तरी ओरडले.

"रंगनाथ पवळे!" ताई आता उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. "रंगनाथ! उत्तर द्या!"

खरखरीतून एक बाईचा आवाज आला. धापा टाकत बोलत होती.

"आवं, कोन हाय? मी सुभद्रा बोलतीया, सुभद्रा पवळे. ते खाली वाळूत गेल्यात येल काढाया. पोरंबी तितंच हायत. मी आत्ताच घागर घिऊन वर आले तर हे बोलाय लागलं."

"भोंगा वाजला का?" ताईंनी विचारलं.

"न्हाई बा. भोंगा कुटं वाजला?"

ताईंचा अंगठा बटणावर होता. बटण दाबलेलं होतं, लाइन चालू होती, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. मला वाटलं त्यांच्या हातून संच पडणार. मी पुढे झाले. त्यांनी दुसऱ्या हाताने मला मागे सारलं.

"सुभद्रा," त्या म्हणाल्या. "पळ. समद्यांना वर काड. पाणी सुटायचं हाय."

"कोन बोलतंय पर?"

"धरणावरनं बोलतीया. सुभद्रा, पोरं आदी! पळ!"

"व्हय!" ती म्हणाली.

तिच्या संचाचं बटण दाबलेलंच अडकलं असावं. वाऱ्याचा आवाज येत राहिला आणि त्यात लांब लांब जाणारी तिची हाक. मी फोनवर गेटघरातल्या माणसाकडून एकेक गोष्ट विचारून घेत होते, आणि मग लक्षात आलं. गेटघरातलं यंत्र कोणा दुसऱ्याने पूर्वी बसवलेलं होतं. ते नावाचा पत्ता एकदाच विचारायचं आणि तोच धरून बसायचं. सकाळी डबा बदलला, नव्या जागी उभा राहिला, नाव तेच राहिलं. पण यंत्र भोंगा वाजवायचा निरोप जुन्याच जागी पाठवत होतं, जिथे आता कोणी नव्हतं. आमच्या पडद्यावर नवा डबा जिवंत म्हणून हिरवा दिसत होता. तो वाट बघत बसला होता, त्याला कोणी हाक मारलीच नव्हती.

"यंत्र बंद करून परत चालू करा," मी सांगितलं. "सगळी नावं ते नव्याने विचारेल."

ते बंद करून चालू होईपर्यंतचा वेळ मला आजही आठवतो. मी नखं कुरतडत होते. ताई मात्र संच कानाला लावून पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. शेवटी त्या उघड्या लाइनवरच, वाऱ्याच्या आवाजावर चढत, भोंगा वाजला. मळेवाडीचा भोंगा मळेवाडीहून आमच्या खोलीत ऐकू आला. पाठोपाठ माणसांचा गलका, शेळ्यांचं ओरडणं, एका पोराचं रडणं.

"आले," ती बाई म्हणाली. तिला धड बोलता येत नव्हतं. "समदे आले वर. पोरं मी हातानं चाचपून बगितली. येल गेलं, जाऊ दे येल."

"सुभद्रा पवळे," ताई म्हणाल्या, "भोंगा वाजला का?"

"वाजला की! कानठळ्या बसल्या."

"असं न्हाई. नुसतं वाजला म्हणायचं."

"वाजला."

"सोडा, साहेब," ताई म्हणाल्या आणि संच खाली ठेवला.

थोड्या वेळाने साहेब जीपमधून उतरून आले. त्यांच्या गोल चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. ते बाकावर बसले, उठले, परत बसले.

"बाई, मी सोडलं असतं हो पाणी," ते म्हणाले. "तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून सोडलं असतं." मग घसा साफ करून म्हणाले, "ती सुभद्रा कोण, तुमची जाऊ का?"

"तसंच म्हणा," ताई म्हणाल्या.

साहेब जाताना दारात थांबून मला म्हणाले, "ते नाव बदलून टाका. बाई सांगतील ते ठेवा. माझं काही म्हणणं नाही."

ते गेल्यावर आम्ही दोघी बाहेर करंजाच्या सावलीत येऊन बसलो. पाणी सुटल्याचा घोंघाट तिथवर येत होता. मला विचारायचं होतं आणि कसं विचारावं कळत नव्हतं. मी काटकीने मातीत रेघोट्या ओढत बसले.

"काय ते इचारा," ताई म्हणाल्या. "सकाळधरनं नुसती चुळबुळ चाललीया तुमची."

"ती बाई कोण?"

"त्यांची बायकू."

मी वर बघितलं.

"सुभद्रा माजं नाव," त्या म्हणाल्या. "लग्नात तांदळात लिवलं त्यांनी, अंगठीनं. आईबापानं चांगुणा ठेवलं हुतं, सासरी आले आन सुभद्रा झाले. त्यांना आवडलं बी लई. जत्रत जाऊन दंडावर गोंदून घेतलं. सुभद्रा. गावभर दाखवत हिंडले." त्या किंचित हसल्या. "मग काय वर्सांनी दुसरी आणली. का आणली ते जाऊ द्या. आता तिला नाव काय ठिवायचं? दंडावर तर सुभद्रा. गोंदलेलं काय खोडता येतंय? मग तिला बी सुभद्राच ठेवलं."

मला आधी हसूच आलं आणि मी ते आवरलं.

"घरात दोन सुभद्रा. कुणी हाक मारली की दोगी बी वळायच्या. पुढं पुढं ती एकटीच वळाया लागली. मग मी निघाले. माहेरचं नाव घेऊन हितं रोजंदारीवर लागले, पुढं कायम केलं. साहेबाला वाटतं मी लाजतीया. लाज कसली, मॅडम? त्यांचं नाव घेतलं की पाठोपाठ माजं येतं तोंडात. जोडीनंच हुतं ना ते. म्हणून घेत नव्हते."

सकाळी मी टाळी वाजवून त्यांना काय काय ऐकवलं होतं, ते मला आठवलं. जुना गेला, टाकून दिला, नाव तेच, कोणाला काही फरक पडत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलणार, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"तुमी डब्याचं सांगत हुता. खरंच सांगत हुता."

"मग आज तिला त्याच नावाने हाक मारलीत?"

"दुसरं मला म्हाईतच न्हाई तिचं. तिच्या आईबापानं काय ठेवलं हुतं, कुणाला ठावं. कुणी इचारलंच नसंल." "इतकी वर्सं वाटायचं, ही माजं नाव घालून हिंडतीया. माजी साडी नेसून हिंडावं तशी. लई राग यायचा. आज मी हाक मारली, आन ती 'व्हय' म्हणली. पळाली बी तशीच, मागंपुढं न बगता. मग म्हणलं, हिचंच हाय की हे. माजं कुठलं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते लपवलं नाही आणि पुसलंही नाही. माझे पाय, मला आत्ता आठवतंय, पहिल्यांदाच स्वस्थ होते.

"चला," त्या उठत म्हणाल्या. "साहेब काय म्हणले? नाव बदलायचं ना?"

आम्ही आत आलो. मी संगणकापुढे बसले, खालची ओळ उघडली आणि रंगनाथ खोडलं.

"मळेवाडी लिहू?"

"गावाचं नगं. रीत काय ठरलीया? भोंग्याला राखणदाराचं नाव. मग आज कामाच्या वक्ताला संच कुणी उचलला? तिनं. सुभद्रा लावा."

माझी बोटं थांबली. म्हणजे दर आवर्तनाला, उघड्या लाइनवर, सगळ्या गावांना ऐकू जाईल अशी हाक ह्याच मारणार.

"ताई, तुम्हाला चालेल?"

"मला काय हुतंय?" त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि संच पुढे ओढला. "माजं नाव चांगुणा."